बंपरचा रंग उडत नाही

जुन्या मारुती ८०० चा किंवा सुरुवातीच्या साध्या अल्टोचा मागचा बंपर आठवून पाहा. शोरूममधून आला तेव्हा काळा कुळकुळीत. पाच-सात उन्हाळ्यांनंतर राखाडी. पंधरा वर्षं भरून आरसीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओच्या आवारात उभी राहते तेव्हा तर त्याला काळं म्हणायला कोणी धजत नाही. पत्रा बरा असतो, इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होतं, पण बंपर, आरशांची टोपणं, दारांवरच्या पट्ट्या आणि काचेखालची वायपरची जाळी गाडीचं वय चारचौघांत सांगून टाकतात. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या काळात ही अडचण नव्हती. तेव्हा बंपर क्रोम चढवलेल्या पोलादाचे होते आणि दुखणं होतं ते गंजाचं. १९८३च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली, त्यानंतरच्या काळात न रंगवलेलं काळं प्लास्टिक मध्यमवर्गाच्या दारात येऊन स्थिरावलं, आणि ते पुन्हा काळं करण्याचे उपायही आले. जितकी गॅरेजं तितके उपाय. त्यांतले बरेचसे थोडे खरे आहेत, म्हणूनच ते टिकून आहेत.

“साहेब, रंग उडालाय”

या प्लास्टिकवर रंग नव्हताच, तर उडेल कुठून? बंपरच्या आतल्या अंगाला, जिथे सहसा कोणाची नजर जात नाही, तिथे साच्यातच उठवलेली अक्षरं असतात. पीपी, अधिकचं चिन्ह, ईपीडीएम, आणि पुढे बहुतेकदा टीडी १० किंवा टीडी २०. कोणतं प्लास्टिक कसं भंगारात घालायचं हे कळावं म्हणून ही खूण असते, पण आपल्याला तीच बंपरची कुंडली म्हणून वापरता येते. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्या बादल्या आणि अंगणातल्या खुर्च्या होतात. ईपीडीएम हे रबर. धडक बसली तर बंपरने तडकू नये म्हणून मिसळलेलं. टीडी म्हणजे टाल्कची भुकटी, आपलं शंखजिरं, शेकडा दहा किंवा वीस, कडकपणासाठी. आणि या सगळ्यात कालवलेली काजळी. तीन मिलिमीटरच्या आसपास जाड असलेला हा बंपर या अंगापासून त्या अंगापर्यंत काळाच असतो. खिळ्याने खोल ओरखडा मारला तरी आत दुसरा रंग सापडत नाही.

मग पांढरेपणा येतो कुठून? पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत एक जन्मजात कच्चा दुवा आहे. दर दुसऱ्या कार्बनला एक फांदी फुटलेली असते आणि तिथला हायड्रोजन सहज निसटतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो निसटला की हवेतला ऑक्सिजन त्या जागी चिकटतो, साखळी तुटते, तुटलेलं टोक शेजारच्या साखळीला त्रास देतं. हे लांबवण्यासाठी कंपन्या प्लास्टिकमध्ये स्थिरक रसायनं घालतात, आणि काजळी तर स्वतःच किरण गिळते. शेतात वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेले एचडीपीई पाइप काळे असतात ते याचसाठी. आयएस ४९८४ या मानकात त्यांच्यात सुमारे अडीच टक्के काजळी असणं बंधनकारक आहे. काजळीमुळे नुकसान आत खोलवर जात नाही, वरच्या पातळ थरापुरतं राहतं. पण आपण बघतो तो थर नेमका तोच. तिथलं प्लास्टिक झिजून भुगा होतं, सूक्ष्म भेगा पडतात, आतलं शंखजिरं उघडं पडतं. अशा खरबरीत पृष्ठावर पडणारा प्रकाश दाही दिशांना विखुरतो, आणि विखुरलेला प्रकाश डोळ्यांना राखाडी दिसतो. काजळी जागेवरच असते. ती आपल्याला दिसेनाशी होते, इतकंच.

शहाबादी फरशीवर पाणी सांडलं की ती गडद दिसते आणि वाळली की पुन्हा फिकट होते, तोच हा प्रकार. पाण्याने खाचा भरतात, पृष्ठ सपाट झाल्यासारखं होतं, प्रकाश विखुरणं थांबतं. म्हणून पहिली तपासणी फुकटात होते: बोट ओलं करून बंपरवर फिरवा. ओलं असेपर्यंत काळं दिसलं, तर पृष्ठ खरबरीत झालंय आणि पुढचे उपाय लागू पडतील. ओलं करूनही पांढरे डाग तसेच दिसले, तर ते प्लास्टिकचं दुखणं नाही, त्यावर बसलेलं काहीतरी आहे. ही एवढी तपासणी न करता लोक बाटल्या विकत घेतात याचं मला नवल वाटतं.

“थोडं खोबरेल चोळा, नव्यासारखं होतं”

होतं. आठवडाभर. तेल त्या खाचांत पाण्यासारखंच शिरतं, किंबहुना पाण्याहून चांगलं शिरतं, कारण तेलातून प्रकाश जसा वळतो तसाच जवळजवळ प्लास्टिकमधूनही वळतो. म्हणून तेल लावलेला बंपर ओल्या बंपरपेक्षाही काळा दिसतो आणि लगेच वाळत नाही. उपायाची कीर्ती यावर उभी आहे. पण खोबरेल सुकून घट्ट पापुद्रा धरणारं तेल नाही. ते ओशटच राहतं, घाटातली सगळी धूळ गोळा करतं आणि पहिल्या शाम्पूत निघून जातं. शिवाय ते चोवीस अंशांच्या खाली गोठायला लागतं, तेव्हा नाशिककराने डिसेंबरातल्या सकाळी बंपरवर पांढुरकी साय दिसली तर घाबरून जाऊ नये.

जवसाचं तेल, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं बॉइल्ड लिनसीड, याची गोष्ट वेगळी. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन खरोखर वाळतं आणि पापुद्रा धरतं, म्हणून जास्त टिकतं. पण त्यात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. सुतारकाम करणाऱ्यांना हे ठाऊक असतं, गाडीवाल्यांना नसतं. फडकं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

खरी चूक होते ती डिझेल, रॉकेल आणि जुन्या इंजिन ऑइलची. वॉशिंग सेंटरवर गाडीखाली ऑइल मारता मारता पोऱ्या उरलेला फडका बंपरवर फिरवतो, बंपर चमकतो, मालक खूश. पॉलिप्रॉपिलीन या प्रकाराला बऱ्यापैकी सोसतं. पण काचेच्या कडेची आणि दारांची बीडिंग शुद्ध ईपीडीएम रबराची असते, आणि खनिज तेल हा ईपीडीएमचा उघड शत्रू आहे. ते तेल पितं, फुगतं, मऊ पडतं. ब्रेकच्या सिलिंडरमधल्या रबरांनाही याच कारणाने इंजिन ऑइल चालत नाही, हे कोणताही मेकॅनिक सांगेल. तोच मेकॅनिक दाराच्या रबरावर डिझेलचा फडका मात्र बिनदिक्कत फिरवतो. वापरलेलं इंजिन ऑइल तर हाताच्या त्वचेसाठीही धोक्याचं.

डब्ल्यूडी-४० ची निळी-पिवळी बाटली या यादीत हमखास येते. ते १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोत तयार झालं ते पाणी दूर ठेवून धातूला गंजापासून वाचवण्यासाठी. पुढे अ‍ॅटलस क्षेपणास्त्रांच्या पत्र्यावर ते वापरलं गेलं. त्यातला बराचसा भाग उडून जाणारं द्रावक आहे, मागे हलकं तेल राहतं. म्हणजे पुन्हा तेलच, फक्त महाग आणि लवकर संपणारं. बिजागरीला मारा, बंपरला कशाला?

बूट पॉलिशबद्दल फार लिहायला नको. मेण आणि काळा रंग असल्याने ते तेलापेक्षा बरं दिसतं, पण पावसात त्याचे ओघळ पांढऱ्या रंगावर उतरतात आणि डिकीत सामान ठेवताना पँटवरही.

“सिलिकॉनवालं पॉलिश प्लास्टिक खातं”

हे उलटं आहे. टायर आणि ट्रिमच्या, म्हणजे बाहेरच्या काळ्या प्लास्टिकच्या, पॉलिशमधलं सिलिकॉन तेल रासायनिकदृष्ट्या अत्यंत आळशी द्रव्य आहे. पॉलिप्रॉपिलीनशी त्याचं काही देणंघेणं नाही. दोष असतो तो त्यात मिसळलेल्या पेट्रोलियम द्रावकाचा, आणि तोही मुख्यतः रबराच्या बाबतीत. बाटली हलवून पाहा: दुधासारखं पांढरं आणि पातळ असेल तर पाण्यात मिसळलेलं आहे, बिनधास्त वापरा. पारदर्शक, झणझणीत वासाचं आणि काचेसारखी चमक देणारं असेल तर ते टायरपुरतंच ठेवा, तेही टायरच्या बाजूला. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर किंवा ब्रेक डिस्कवर उडालं तर चकाकी जिवावर बेतेल.

सिलिकॉनबद्दल खरी तक्रार आहे ती पेंटरची, आणि ती रास्त आहे. ज्या भागावर सिलिकॉनचा अंश राहिला तिथे ताजा रंग बसत नाही, त्यात बारीक गोल खड्डे पडतात. पेंटर त्याला फिश आय म्हणतात. डेंटिंग-पेंटिंगला गाडी टाकायची असेल तर त्याआधी महिनाभर बंपरवर काही फवारू नका. बाकी, ज्याला आपली गाडी स्वतः धुवायला आवडतं त्याच्यासाठी पाण्यातलं साधं ट्रिम पॉलिश हाच मला सर्वांत शहाणा उपाय वाटतो. दोन-तीन धुण्यांत जातं, पुन्हा लावायचं. त्यात काही बिघडत नाही आणि बिघडलंच तर धुऊन काढता येतं.

“हीट गन फिरवा, आतलं तेल वर येतं”

या करामतीचे व्हिडिओ पाहताना मजा येते, यात शंका नाही. राखाडी बंपरवर गरम हवेचा झोत फिरतो आणि त्यामागे काळी पट्टी उमटत जाते. पण आतून तेल वर येतं वगैरे काही नाही. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं. हीट गनची हवा सहज चारशे-पाचशे अंशांची असते. वरचा भेगाळलेला थर क्षणभर वितळतो, भेगा बुजतात, पृष्ठ सपाट होतं, प्रकाश विखुरणं थांबतं. थोडक्यात, जे काम तेल खाचा भरून करतं तेच उष्णता खाचा वितळवून करते.

आणि किंमत? साच्यातून बंपरवर जो बारीक दाणेदार पोत उमटवलेला असतो तो प्रत्येक वेळी थोडा मिटतो. हात एका जागी रेंगाळला की तिथे चकचकीत ठिपका राहतो, आणखी रेंगाळला की बंपर लवतो. शेजारचा रंग फुगतो, काचेची बीडिंग आक्रसते. वितळवलेल्या थरात नवे स्थिरक काही येत नाहीत, उलट जे मोडलं होतं ते मोडलेलंच राहतं, त्यामुळे पुढचं ऊन त्याला आधीपेक्षा लवकर गाठतं. आरशाची टोपणं आणि समोरची जाळी अनेकदा एबीएस या वेगळ्या प्लास्टिकची असते. ती तर शंभर अंशांच्या जरा पुढेच मऊ पडते. एखादी बोलेरो शेतावर वापरात आहे, चिखलात राबतेय आणि मालकाला फक्त एकदा विकण्यापुरती काळी दिसायला हवी, तर हीट गन चालेल. घेणाऱ्याने मात्र बंपरला हात लावून पोत बघावा.

पॉलिश पेपर मारून “आतला काळा वर काढणं” हाही याच जातीचा समज. आत काळं आहे हे खरं, पण कागदाने ओरखडलेलं काळं प्लास्टिक पुन्हा राखाडीच दिसतं, कारण ओरखडे म्हणजे नव्या खाचाच. पोत गेला, रंगही आला नाही.

“पांढरे डाग पडले म्हणजे प्लास्टिक संपलं”

ओल्या बोटाची तपासणी आठवा. न जाणारे पांढरे डाग दोन प्रकारचे असतात आणि दोन्ही आपल्याच घरचे.

पहिला म्हणजे मेण. पत्र्याला रबिंग पॉलिश किंवा वॅक्स करताना हात बंपरवर घसरतो, दाणेदार पोतात मेण अडकतं, वाळतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. साध्या शाम्पूने ते निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश यांनी निघतं. डाग छोटा असेल तर शाळेतला पांढरा खोडरबरही काम करतो. परदेशात यासाठी पीनट बटर चोळतात, आणि त्याने मेण सुटतंही, कारण तेलाने मेण विरघळतं. पण मग पुन्हा बंपर तेलकट, आणि शेंगदाण्याचे भाव काय आहेत!

दुसरा म्हणजे बोअरवेल. क्षार असलेल्या पाण्याने उन्हात गाडी धुतली आणि ती तशीच वाळू दिली की कॅल्शियमची गोल कडी उमटतात. व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी मिसळून किंवा पाण्यात लिंबूफुलाची चिमूट टाकून फडक्याने लावा, दोन-चार मिनिटांत कडी विरघळतात, लगेच भरपूर पाण्याने धुवा. हे काम शहाबादी किंवा कडप्प्याच्या अंगणात करू नका. ते दोन्ही चुनखडीचे दगड, आम्ल त्यांनाही खातं.

“काळं ते सगळं सारखंच”

एका गाडीवर काळ्या रंगाचे चार-पाच पदार्थ सहज असतात. वायपरचा दांडा पोलादाचा आणि रंगवलेला. तो फिका पडला तर घासून काळा स्प्रे मारणं हाच योग्य उपाय, ट्रिम पॉलिशचा तिथे उपयोग नाही. दारांच्या मधल्या खांबांवरची काळी पट्टी बऱ्याच गाड्यांत चिकट विनाइलची असते. ती सुकून सुटायला लागली की बदलायची, चोळायची नाही. छतावरच्या दांड्या अ‍ॅल्युमिनियमच्याही असू शकतात. काचेकडेचं रबर रबरच. एकच बाटली घेऊन गाडीभर फिरणारा माणूस म्हणूनच निम्मी मेहनत वाया घालवतो.

डॅशबोर्डचं तर गणितच निराळं. समोरची काच दोन थरांची असते आणि अतिनील किरण जवळजवळ सगळेच अडवते. आतलं प्लास्टिक म्हातारं होतं ते मुख्यतः उष्णतेने. म्हणून “डॅशबोर्डला लावतो तेच बाहेर लावतो, दोन वर्षं टिकतं” या अनुभवाचा बाहेरच्या बंपरला काही आधार नाही. बाहेर सर्वांत आधी जाते ती आडवी, आकाशाकडे तोंड असलेली जागा: वायपरची जाळी आणि बंपरची वरची कड. एकाच बाजूला तोंड करून रोज उभी राहणारी गाडी तर एकाच अंगाने पांढरी होते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे सहज दिसेल.

“सिरॅमिक केलं की कायमचं”

कायमचं काही नाही, पण सध्या मिळणाऱ्या उपायांत हा सर्वांत टिकाऊ वर्ग आहे हे मान्य करायला हवं. ट्रिमसाठीची कोटिंगं दोन जातींची. एक पारदर्शक, सिलिकायुक्त, जी खाचांत घट्ट होऊन बसते. दुसरी रंगयुक्त, जी वर काळा रंगही चढवते. फार पांढऱ्या पडलेल्या बंपरला दुसरी. ती हातमोज्यांशिवाय लावली तर आठवडाभर बोटं काळी राहतील, आणि रंगावर सांडली तर लगेच पुसा.

पण कोटिंग फसतं ते बहुतेक वेळा बाटलीमुळे नाही. कोटिंग ज्यावर बसतं त्याला धरून राहतं. खाली भुगा किंवा जुन्या पॉलिशचं सिलिकॉन असेल तर त्या भुग्यासकट निघून येतं. म्हणून ब्रश आणि ऑल पर्पज क्लीनरने घासा, धुवा, पुन्हा घासा. फडक्यावर राखाडी येणं बंद होईपर्यंत आणि पाणी थेंबाथेंबाने न गोळा होता सपाट पसरेपर्यंत. मग अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, कडांना मास्किंग टेप लावा, सावलीत आणि थंड बंपरवर थोडं थोडं लावा, आणि दिवसभर पाणी लागू देऊ नका. कोकणातल्या जुलैत हे करायला घेऊ नये, हे वेगळं सांगायला नको. डिटेलिंगच्या दुकानात सगळं काम तासाभरात उरकत असेल तर बहुधा घासण्याचाच भाग गाळलेला असतो.

“मग सरळ काळा रंगच मारू”

बंपर खोल ओरखडलेला असेल, कुठे तडकून जोडलेला असेल, तर रंग हाच मार्ग. पण साधा काळा स्प्रेचा डबा आणून मारलेला रंग नखाने सोलून निघतो, आणि याचं कारण पेंटरचा आळस नसून पॉलिप्रॉपिलीनचा स्वभाव आहे. त्याच्यावर रंग, गोंद, काहीच नीट धरत नाही. कारखान्यात बंपर रंगवण्याआधी त्यावरून ज्योत फिरवून पृष्ठ बदलतात. गॅरेजमध्ये त्याऐवजी प्लास्टिक प्रायमर लागतो, ज्याला अ‍ॅडहीजन प्रमोटर म्हणतात. त्यात क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिन असतं आणि ते रंग व प्लास्टिक यांच्यात दुवा धरतं. पेंटरला आधीच विचारा, “प्लास्टिकचा प्रायमर आहे ना?” उत्तर “साहेब, चालतं सगळं” असं आलं तर गाडी परत फिरवा. रंग मॅट किंवा सॅटिन घ्या. चकचकीत काळा बंपर जुन्या गाडीवर केस रंगवलेल्या काकांइतकाच लपत नाही. आणि हे धरून चला की एकदा रंगवलेला बंपर पुढे रंगवतच राहावा लागतो. दगड उडाले की टवके निघतात. न रंगवलेल्या बंपरवर तेच दगड दिसतही नसत.

वायपरची जाळी किंवा दाराची पट्टी असा छोटा भाग असेल आणि तुमच्या गाडीचे सुटे भाग अजून मिळत असतील, तर नवा भाग मजुरीपेक्षा स्वस्तात पडू शकतो, आधी तेवढं विचारून घ्या. बंद झालेल्या गाड्यांसाठी मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची जुन्या भागांची दुकानं आहेत. तिथे जाताना ओलं फडकं सोबत ठेवा. दुकानदाराने बंपरला आधीच पॉलिश मारून ठेवलेलं असतं, तेव्हा फडक्यावर साबण घेऊन एक कोपरा पुसून पाहावा आणि मगच भाव करावा.